वॉटचा आकडा झाका, मग स्पीकर निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ ची स्विफ्ट, कंपनीचाच स्टिरिओ. पुढच्या डाव्या दारातला स्पीकर तबल्याचा डग्गा वाजला की फरफरतो. दुकानदार म्हणाला, चारही स्पीकर बदला, मागच्या ट्रेवर ४२० वॉटचे ओव्हल (लंबगोल) स्पीकर टाका आणि डिकीत बेसट्यूब (बेससाठीचा नळकांड्यातला स्पीकर) ठेवा. तुमचं बजेट दहा हजार. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यगीतं आणि भावगीतं, आणि महिन्यातून दोनदा सांगली ते रत्नागिरी. तर कोणते स्पीकर घेऊ?

मी कोल्हापुरात वीस-बावीस वर्षं गाड्यांचे स्टिरिओ बसवतोय. आंबा घाट चढून आलेल्या कोकणातल्या गाड्याही माझ्याकडे येतात, त्यामुळे तुमच्या रस्त्यावर दाराच्या आत काय काय होतं ते चांगलं ठाऊक आहे. ब्रँडचं नाव शेवटी सांगेन, आणि तेही फार ठामपणे नाही. कारण तुमच्या दहा हजारांतला निम्माच पैसा स्पीकरवर जायला हवा असं माझं मत आहे.

आधी एक रुपयाही न घालवता स्पीकर खरंच गेलाय का ते बघू. ‘स्पीकर फाटला’ म्हणून आलेल्या गाडीत कितीतरी वेळा स्पीकर ठणठणीत असतो आणि फरफरत असतं भलतंच काही. दाराच्या खिशातली चिल्लर, पाण्याची रिकामी बाटली, तुटलेली क्लिप, दाराच्या पॅडच्या (आतल्या आच्छादनाच्या) आत सुटलेलं प्लास्टिकचं कागद. खिसा रिकामा करा, तोच डग्ग्याचा तुकडा लावा आणि फरफर सुरू झाली की दाराच्या पॅडवर तळहात दाबून फिरवत न्या. एखाद्या जागी दाबल्यावर आवाज थांबला तर गुन्हेगार पॅड आहे, स्पीकर नाही. फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट ॲप घेतलंत तर काम आणखी सोपं. ५० हर्ट्झपासून हळूहळू २०० पर्यंत सरकवत जा. नेमक्या एका आकड्यावर दार करवतीसारखं वाजेल. तो आकडा लिहून ठेवा, काम झाल्यावर पुन्हा तपासायला लागतो.

हाताने काही थांबलं नाही तर पॅड काढायचं. हँडलच्या वाटीतला स्क्रू, आतल्या कडीमागचा स्क्रू, मग क्लिपा. स्पीकर बाहेर आला की दोन्ही अंगठे कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मध्याच्या दोन बाजूंना ठेवून अगदी सारख्या दाबाने आत ढकला आणि कान जवळ न्या. मऊ, बिनआवाजाचा गेला तर कॉइल (कोनमागचं तारेचं वेटोळं) सरळ आहे. वाळूवर बोट फिरवल्यासारखी खरखर आली तर कॉइल चुंबकाला घासतेय, आणि त्याला औषध नाही. कोनच्या कडेचा रबर किंवा फोम कुठे सुटलाय का तेही बघा. दहा वर्षांत फोमचा भुगा होतो, बोट लावलं की पिठासारखा हातात येतो. मल्टिमीटर असेल तर तारा काढून ओहम मोजा. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण सव्वातीन ते पावणेचारच्या दरम्यान दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली, फारच कमी दाखवलं तर जळून आतल्या आत चिकटली.

शेवटची खात्री म्हणजे डावा स्पीकर उजव्या दारात आणि उजवा डाव्यात लावायचा. फरफर स्पीकरबरोबर उजवीकडे गेली तर स्पीकर बदला. डावीकडेच राहिली तर दार दुरुस्त करा आणि दहा हजार वाचवा. अर्ध्या तासाचं काम आहे. दुकानदार ते सांगणार नाही, कारण त्यात त्याला विकायला काही उरत नाही.

आता समजू की स्पीकर खरंच गेला. खोक्यावर ‘४२०’, ‘३५०’, ‘५००’ असे आकडे अंगठ्याएवढ्या अक्षरांत छापलेले असतात. त्यावर बोट ठेवून झाका आणि खाली बारीक अक्षरांत आरएमएस काय लिहिलंय ते वाचा. मोठा आकडा क्षणभराच्या झटक्याचा असतो, आरएमएस म्हणजे स्पीकर सलग पेलू शकतो ती ताकद. ४२० वाल्या खोक्यात आरएमएस साठ-सत्तर निघणं अगदी नेहमीचं आहे. आणि दोन्ही आकडे स्पीकर किती सोसतो ते सांगतात, किती जोरात वाजतो ते नाही. हमालाच्या पाठीला शंभर किलो पेलतात म्हणून तुम्ही दिलेल्या वीस किलोच्या पोत्याचं वजन वाढत नाही.

आणि तुमचा स्टिरिओ देतो तरी किती? स्टिरिओच्या जाहिरातीत ‘५० वॉट गुणिले ४’ असतं. हा ५० कुठून येतो ते एकदा गणित करून बघा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. १४.४ गुणिले १४.४ भागिले ४ ओहम, उत्तर जवळजवळ ५२. म्हणजे स्टिरिओतल्या आयसीने (आवाज मोठा करणाऱ्या चिपने) आवाजाचं टोक पार कापून, लाट चौकोनी करून, बॅटरीचं सगळं व्होल्टेज स्पीकरवर ओतलं तर जे होईल तो ५०. तो आवाज कुणी ऐकू शकणार नाही. स्वच्छ लाटेचं गणित केलं तर एका चॅनेलला वीस-बावीस वॉट येतात, आणि इंजिन बंद करून चहाच्या टपरीसमोर गाणी ऐकत बसलात तर पंधरा-सोळा. बाजारातला कुठलाही स्टिरिओ, अँड्रॉइड असो की जुन्या पद्धतीचा, आत वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) नसेल तर याच्या वर जात नाही. कारण भिंत गाडीच्या बॅटरीची आहे, कंपनीची नाही.

वीस वॉट कमी वाटतात ना? बंद गाडीत ते पुष्कळ असतात, फक्त स्पीकरने ते वाया घालवता कामा नयेत. त्यासाठी खोक्यावर बघायचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, डीबीमध्ये (डेसिबलमध्ये) लिहिलेला. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज होतो, तो हा. तीन डीबी वाढले म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. ८८ डीबीचा आणि ९२ डीबीचा स्पीकर शेजारी ठेवा: चार डीबीचा फरक, म्हणजे ९२ वाल्याला १५ वॉट दिल्यावर जे होतं त्यासाठी ८८ वाल्याला ३७-३८ लागतील. तुमच्या स्टिरिओकडे ते नाहीतच. म्हणून कंपनीच्या स्टिरिओवर भारी, जाड कोनचा, ‘हाय पॉवर’ स्पीकर लावला की माणूस आठवड्यात परत येतो: पैसे घातले आणि आवाज आधीपेक्षा बारीक झाला! त्यात स्पीकरची चूक नसते.

इथे एक पळवाट आहे, ती माहीत असू द्या. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ वॉटवर न मोजता २.८३ व्होल्टवर मोजतात. आठ ओहमच्या घरच्या स्पीकरला ते बरोबर एक वॉट होतं. चार ओहमच्या गाडीच्या स्पीकरला दोन वॉट. म्हणजे तीन डीबी फुकटचे वाढले. दोन खोकी ताडून बघताना शेजारी काय लिहिलंय ते वाचा आणि २.८३ व्होल्ट असेल तर मनात तीन वजा करा. तुमच्यासाठी १ वॉटच्या हिशेबाने ९० च्या वर असलेला घ्या. ओहम चारच. दोन ओहमचेही स्पीकर मिळतात, ते जास्त वीज ओढतात म्हणून जोरात वाजतात, पण कंपनीच्या स्टिरिओची आयसी त्याने तापते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तिला आधीच घाम फुटलेला असतो.

माप. स्विफ्टच्या पुढच्या दारात साडेसहा इंची बसतो, पण मूळ स्पीकरचा सांगाडा आणि रिंग एकाच प्लास्टिकची असते, त्यामुळे नव्या स्पीकरला वेगळी रिंग लागते. दुकानात एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) रिंग देतील. घेऊ नका. दाराच्या आत पावसाचं पाणी येतंच, काचेच्या रबरामधून ते झिरपून खाली जावं अशीच दाराची रचना असते. एमडीएफ दोन पावसाळ्यांत पोळीसारखा फुगतो आणि स्क्रू सुटतात. प्लास्टिकची किंवा ॲक्रेलिकची रिंग मागा.

रुंदीपेक्षा खोली जास्त दगा देते. काच पूर्ण खाली करा, मग दाराच्या पत्र्यापासून काचेपर्यंत अंतर मोजा. आईस्क्रीमची काडी आत घालून खूण केली तरी चालतं. स्पीकरच्या खोक्यावर ‘माउंटिंग डेप्थ’ लिहिलेली असते. तिच्यातून रिंगची जाडी वजा करा; जे उरेल त्यापेक्षा तुम्ही मोजलेलं अंतर पाच-सहा मिलिमीटर तरी जास्त हवं. पुढच्या बाजूलाही बघा: मधोमध ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) उभा असलेल्या स्पीकरचं नाक कधीकधी पॅडच्या जाळीला टेकतं. बाहेर सगळं छान वाजतं आणि पॅड बसवलं की परत फरफर. मग माणूस म्हणतो, नवा स्पीकरही खराब निघाला.

कोन कसला घ्यायचा? कागदाचा कोन आवाजाला गोड असतो, माझा जीव त्याच्यावर आहे, पण रत्नागिरीला ये-जा करणाऱ्या गाडीत मी पॉलिप्रॉपिलिनचा सुचवतो. चांगल्या कंपन्या कागदावर ओल लागू नये म्हणून लेप देतात, तो चालेल. कडेचा भाग मात्र रबराचाच. फोम नको.

आता को-ॲक्सियल की कंपोनंट. को-ॲक्सियलमध्ये ट्वीटर मोठ्या कोनच्या पोटातच असतो. कंपोनंटमध्ये तो वेगळा येतो आणि सोबत क्रॉसओव्हरची डबी, जी जाड आणि बारीक सूर वेगळे करून देते. तुमच्या गाडीत स्पीकर दाराच्या तळाशी, पोटरीच्या उंचीवर आहे. जाड सूर वाट काढत कानापर्यंत येतात, पण बारीक सूर सरळ जातात आणि तुमच्या पँटच्या कापडात जिरतात. तानपुऱ्याची जवारी, हार्मोनियमच्या सुरांची धार, गायकाचा ‘स’ म्हणतानाचा श्वास, सगळं ट्वीटरचं काम आहे. ते पायाशी वाजलं तर गाणारा डॅशबोर्डच्या खाली मांडी घालून बसलाय असं वाटतं. म्हणून ख्याल ऐकणाऱ्याला मी कंपोनंटच सांगतो. ट्वीटर आरशाच्या आतल्या बाजूच्या प्लास्टिकच्या त्रिकोणात, पलीकडच्या सीटवरच्या माणसाच्या तोंडाकडे किंचित वळवून. उजवा ट्वीटर ड्रायव्हरच्या कानाला जवळ पडतो, त्यामुळे तो थेट स्वतःच्या कानावर रोखू नका, डाव्या सीटकडे तोंड करून ठेवा. फरक तिथल्या तिथे ऐकू येईल. क्रॉसओव्हरच्या डबीवर ट्वीटर कमी-जास्त करायची पिन असेल तर ती कमीवर ठेवून सुरुवात करा. डबी दाराच्या तळाला कधीही चिकटवू नका, वर, पाणी न पोचणाऱ्या जागी हवी.

नव्या गाडीवाल्यांसाठी जाताजाता: ज्यांच्या गाडीत कर्टन एअरबॅग (छताच्या कडेतून पडद्यासारखी उघडणारी) आहे त्यांनी काचेशेजारच्या खांबात ट्वीटर बसवताना किंवा वायर ओढताना कारागिराला हात घालू देण्याआधी दहा वेळा विचार करावा. त्या एअरबॅगच्या घडीचं टोक खांबाच्या आत उतरलेलं असतं. वायर तिच्यावरून आडवी गेली तर ऐन वेळी काय होईल सांगता येत नाही.

हे झालं स्पीकरचं. खरा पैसा जिथे कामी येतो ती जागा म्हणजे दार.

माझ्या दुकानात मी हे बोलून सांगत नाही, करून दाखवतो. नवा स्पीकर हातात धरून दोन वायरा लावतो आणि गाणं सुरू करतो. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज, डग्गा गायबच. मग तोच स्पीकर, तोच आवाज, पण मिक्सरच्या जाड खोक्याला गोल भोक पाडून ठेवलंय त्यावर दाबून धरतो. लगेच डग्गा येतो. गिऱ्हाईक खोक्याच्या मागे बघतं, बेस कुठे लपवलाय म्हणून. काहीच लपवलेलं नसतं. कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की जाड सूर एकमेकांना मारून टाकतात. खोक्याने फक्त त्यांची भेट होऊ दिली नाही. दाराच्या आतल्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढी भोकं असतात. ती उघडी असताना तुम्ही पाच हजारांचा स्पीकर लावा की पंधरा हजारांचा, डग्गा त्या भोकातून पळून जातो.

उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट, पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट. ब्यूटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली. डांबराची शीट स्वस्त मिळते. उन्हाळ्यात ती मऊ होते, वास येतो आणि पत्र्यावरून ओघळते. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, स्पीकरच्या बरोबर मागे, दोन-तीन तुकडे. पत्रा आधी थिनरने पुसून कोरडा करायचा आणि तुकडा रोलरने दाबायचा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. नुसता हाताने थोपटलेला तुकडा पावसाळ्यात सुटतो. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं झाकायची. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. दारावर बोटाच्या पेराने टकटक करा. ‘टण्ण’ जाऊन ‘ठप्प’ आलं की पुरे. जास्त चिकटवलं तर बिजागरीवर वजन येतं आणि तुमच्या खिशावरही.

आणि इथे माझी जुनी चूक सांगतो. दुकान नवं होतं, उत्साह दांडगा. चिपळूणच्या एका गाडीचं दार मी वरपासून खालपर्यंत इतकं पक्कं केलं की तळाशी पाणी जायला ठेवलेल्या तीन फटीही झाकून टाकल्या. जुलैमध्ये ते गृहस्थ परत आले. काही बोलले नाहीत, फक्त दार उघडून जोरात हलवलं. आत माठ हलवावा तसं खळखळ पाणी वाजलं. पॅड काढलं तर काचेची मोटर पाण्यात पोहत होती. मोटर मी माझ्या पैशाने बदलून दिली, आणि तेव्हापासून शीट लावायच्या आधी दाराखालच्या फटींवर खडूने खूण करतो. तुम्हीही काम संपल्यावर काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता आणि खालून गळतंय ना ते बघा. गळायलाच हवं.

पॅडच्या आतलं प्लास्टिकचं कागद कारागीर घाईत फाडून टाकतात. ते पाणी पॅडकडे येऊ नये म्हणून असतं. काळ्या चिकट पट्टीसकट परत नीट लावून घ्या, नाहीतर पॅडचा पुठ्ठा फुगेल.

बसवताना तुम्ही शेजारी उभे राहा. कंपनीची वायर तोडू देऊ नका. स्विफ्टचा कपलर सुटा मिळतो, एक टोक गाडीच्या वायरला, दुसरं स्पीकरला. वायर तोडून सेलोटेप गुंडाळलेली दिसली की समजावं, दीड वर्षात दार उघडता-मिटता ती सुटणार. दुसरं, प्लस-मायनस. स्पीकरची रुंद पिन प्लस, अरुंद मायनस. एका दारात उलटं लागलं तर दोन्ही स्पीकर वाजतात, पण एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, आणि जाड सूर गाडीच्या मधोमध मरतात. शंका असेल तर वायर स्टिरिओकडून सोडवून तिच्यावर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा: सेलचा प्लस वायरच्या प्लसला, तर कोन बाहेर उडी मारतो. आत गेला तर उलटं आहे. पुढच्या दोघांचं झालं की मागच्या दोघांचंही तपासा. मागचे कंपनीतून बरोबर असतात, पण मधे कुणीतरी हात घातलेला असू शकतो.

जुन्या मिस्त्रींची एक सवय असते: स्पीकरचा मायनस गाडीच्या पत्र्याला अर्थ करून एक वायर वाचवायची. कॅसेटच्या जमान्यातल्या काही टेपना ते चालायचं. आजच्या स्टिरिओच्या दोन्ही वायरा जिवंत असतात, मायनस पत्र्याला लागला की आयसी गेली. असं करताना दिसला तर त्याचा हात धरा.

स्क्रू किती लांबीचा वापरतोय तेही बघा. लांब स्क्रू आत काचेच्या वाटेत येतो आणि काच खाली करताना तिच्यावर कायमची रेघ ओढतो. स्पीकरच्या पुढच्या कडेला, पॅड आणि स्पीकर यांच्यामध्ये, फोमची गोल पट्टी लावून घ्या. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे, पण तिच्यामुळे आवाज पॅडच्या आत न घुमता जाळीतून बाहेर येतो.

मागचे स्पीकर? आहेत ते राहू द्या. मैफलीत आपण गायकाकडे पाठ करून बसत नाही. मागे मुलं किंवा आजी-आजोबा बसतात तेव्हा त्यांना ऐकू येण्यापुरते कंपनीचे स्पीकर पुरेसे आहेत. फेडर (आवाज पुढे-मागे वाटण्याचं सेटिंग) दोन-तीन घरं पुढे सरकवून ठेवा. ट्रेवरच्या ओव्हलबद्दल मला चीड आहे, ती सांगूनच टाकतो. सेडानमध्ये मागे पत्र्याचा पक्का शेल्फ असतो, खाली बंद डिकी. तिथे सहा बाय नऊचा ओव्हल खरोखर छान वाजतो. हॅचबॅकचा ट्रे दोन दोऱ्यांना लटकलेला पुठ्ठा. त्यावर चुंबकांचे दोन गोळे बसवले की तो प्रत्येक खड्ड्यात टाळ्या वाजवतो, आणि जोरात ब्रेक लागला तर ते गोळे मागे बसलेल्यांच्या डोक्याच्या उंचीवरून पुढे येतात.

बेसट्यूबही आत्ता नको. स्वस्त बेसट्यूब एकाच सुराला घुमते. ढोल-ताशाच्या रिमिक्सला ते खपतं. तबलजी डग्ग्यावर तळहात घासून सूर वर-खाली सरकवतो ना, ती मींड बेसट्यूबमध्ये सपाट होते. सगळे बोल एकाच खड्ड्यात पडल्यासारखे धुम्म-धुम्म येतात. पुढे कधी पैसे झाले तर आधी चार चॅनेलचा छोटा ॲम्प घ्या, चॅनेलला ५० वॉट आरएमएस पुरे. त्यातला ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) चालू करा, म्हणजे दारातल्या स्पीकरवरचं खालच्या सुरांचं ओझं उतरतं आणि तो मोकळा गातो. ॲम्पची वायर बॅटरीपासून घेताना फ्यूज बॅटरीच्या शेजारी, फार तर हातभर अंतरावर. ॲम्पजवळ लावलेला फ्यूज फक्त ॲम्प वाचवतो. मधे वायर घासून पत्र्याला लागली तर गाडी पेटते. आणि वायर तांब्याची आहे का ते सोलून, चाकूने खरवडून बघा. वरून तांबडी आणि आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

दहा हजारांची वाटणी मी अशी करेन: पुढची कंपोनंटची एक जोडी पाच-साडेपाच हजारांत, दोन दारांची शीट दोन-अडीच हजार, उरलेल्यात रिंगा, कपलर, फोम आणि मजुरी. पायोनियर, जेबीएल, सोनी, हर्ट्झ यांच्यापैकी ज्याची सेन्सिटिव्हिटी आणि खोली तुमच्या दारात जमेल तो. नाव बघून नाही, खोक्याची मागची बाजू बघून. नकली मालही फिरतो. चुंबकावर रबराची मोठी टोपी असेल तर ती दाबून बघा. कधीकधी आत लिंबाएवढं चुंबक आणि भोवती पोकळी निघते. जीएसटीचं बिल आणि खोक्यावरचा नंबर स्पीकरच्या नंबराशी जुळवून घ्या.

दुकानात नमुन्याचे स्पीकर लावलेल्या बोर्डावर ऐकाल तेव्हा एक ध्यानात ठेवा: दोन स्पीकरांत जो जरा जोरात वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. बटण बदललं की त्याला आवाजही सारखा करायला सांगा. त्याचं धडधडीत गाणं नको, स्वतःची फाइल न्या. भीमसेनजींच्या खर्जातल्या आवाजाची एखादी विलंबित बंदिश लावा: आवाज छातीतून येतोय की नाकातून, तेवढंच ऐका. मग एखाद्या बाईचा तार सप्तकातला स्वर; तो सुईसारखा टोचला तर ट्वीटर लांबच्या प्रवासात त्रास देणार.

बसवून झालं की स्टिरिओवरचा लाउडनेस बंद, बेस आणि ट्रेबल शून्यावर. बेस सहा डीबी वाढवणं म्हणजे त्या सुरांना चौपट ताकद मागणं, आणि तुमच्याकडे मुळात वीस वॉट आहेत. आठवडाभर तसंच ऐका. मग त्या लिहून ठेवलेल्या आकड्यावर टोन लावून बघा, दार गप्प आहे का. महिन्याभरात घाटातून दोन फेऱ्या झाल्या की पॅडचे स्क्रू एकदा पिळून घ्या, नव्या क्लिपा थोड्या बसतात.

जुने स्पीकर कारागिराकडे सोडून येऊ नका. डाव्याचा रबर सुटला असेल तर तो वीस रुपयांच्या रबरी गोंदाने चिकटतो. गाडी विकताना तेच परत बसवा आणि नवे पुढच्या गाडीत न्या. कपलर न तोडल्यामुळे ते दहा मिनिटांचं काम असेल.